निरोपाची फेरी

जिन्याच्या कडेच्या रुळावरून माणसाला वर-खाली नेणारी विजेची खुर्ची आज सहाच्या आत पलीकडच्या घरात बसवायची, असा सासूबाईंनी शब्द दिला होता. त्यांचे गुडघे आता ठणठणीत होते. आणि शेजारच्या मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, खुब्याचं ऑपरेशन करून संध्याकाळी घरी यायच्या होत्या. दोन्ही घरं एकाच साच्यातली, जिनेही तस्सेच. खुर्चीचा रूळ तिकडे नेमका बसणार होता.

मिस्त्री आला तेव्हा खुर्ची वरच्या टोकाला होती.

"आधी खाली आणायला लागेल. पण माणूस बसल्याशिवाय ही हलत नाही."

"मग बसा की तुम्हीच," सूनबाई म्हणाली. तिच्या खांद्यावर सात महिन्यांचं बाळ भोकाड पसरून होतं. दिवसा डोळ्याला डोळा लावत नाही म्हणून घरानं त्याचं नाव 'जागल्या' ठेवलं होतं.

"मी बसलो तर मोटार काय म्हणते ते ऐकणार कोण?" मिस्त्रीनं रुळाला स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि त्याच्या मुठीला कान लावला. डॉक्टर छाती तपासतात तसा.

"मी बसते," सासूबाई म्हणाल्या. "दोन वर्षं वाहिलंय हिनं मला. निरोपाची फेरी माझीच. आण गं त्याला इकडे, तेवढीच तुझी पाठ मोकळी."

नातवाला मांडीवर घेऊन, पट्टा लावून त्यांनी कळ दाबली. खुर्ची गुणगुणत निघाली आणि आठव्या पायरीवर थांबली.

"बॅटरी," मिस्त्री म्हणाला. बॅटरी ठीक निघाली. "मग मोटार." त्यानं बाजूचं झाकण उघडलं, चार स्क्रू दातांत धरले. मोटारही ठीक.

"अहो, निदान पेपर तरी द्या हातात," सासूबाई अधांतरी बसून म्हणाल्या.

शेवटी सूनबाईलाच दिसलं. जागल्याच्या हातातला लाकडी चमचा पाय ठेवायच्या फळीखाली पडला होता. फळीला काही लागलं की खुर्ची थांबते, ही तिची रीतच. सूनबाईनं चमचा काढला आणि, आईच ती, पुन्हा बाळाच्या हातात दिला. तीन पायऱ्यांनी पुन्हा टप्प! खुर्ची पुन्हा जागच्या जागी.

"ताई, तो चमचा माझ्या पिशवीत टाका बघू," मिस्त्री हात जोडून म्हणाला.

खुर्ची निघाली. चमचा नव्हता, तरी रडणं नव्हतं. सासूबाईंनी मांडीवर पाहिलं आणि सूनबाईला खुणेनं बोलावलं. सूनबाई दोन पायऱ्या चढून आली. सात महिन्यांत तिनं त्या पापण्या दिवसाच्या उजेडात मिटलेल्या पाहिल्याच नव्हत्या. एवढ्या लांब होत्या त्या! ओठ अर्धवट उघडे, मूठ सैल, आणि गालावर खुर्चीची बारीक थरथर. देवळात उभं राहावं तशी ती उभी राहिली. मिस्त्रीनंही टोपी काढली.

खुर्ची खाली टेकली. गुणगुण थांबली. एक डोळा उघडला.

"वर!" सूनबाई घुसमटल्या आवाजात ओरडली.

खुर्ची वर गेली. खाली आली. पुन्हा वर. मिस्त्री रुळाला कान लावून पुटपुटत होता, "काय मशीन आहे! काय मशीन आहे!" पाऊण तास झाला, चार वाजले, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "अगं, त्या बाईंना जिना चढता यायचा नाही. शब्द दिलाय मी."

सूनबाईनं बाळाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "खोला," ती म्हणाली, आणि खुर्ची थांबताच पुन्हा रडू लागलेलं बाळ उचलून घेतलं.

सहाला खुर्ची पलीकडे बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारभर भिंतीपलीकडून रडणं ऐकून मोठ्या बाईंनी निरोप धाडला, "त्याला घेऊन ये."

"बाई, त्रास होईल तुम्हाला," सूनबाई त्यांच्या दारात म्हणाली.

"गप्प बस. पस्तीस वर्षं मी वर्गात झोपणाऱ्यांना बाकावर उभं केलंय. आता एकाला झोपवून बघते."

आठवडाभरानं सासूबाई डोकावल्या. मोठ्या बाई कडक पाठीनं खुर्चीत बसून खाली येत होत्या, मांडीवर जागल्या गाढ झोपलेला. सगळ्यात खालच्या पायरीवर, अगदी खुर्चीच्या वाटेत, कठड्याला डोकं टेकून सूनबाईही गाढ झोपली होती.

सासूबाई तिला हलवायला वाकल्या. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, आणि दुसऱ्या हातानं वर जायची कळ दाबली.