बऱ्हाटे काकांचं मास्टर सॅम्पल

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले बऱ्हाटे काका हॉटेलात बसले की आधी शर्टाच्या खिशातून एक छोटी स्टीलची डबी काढतात. ती टेबलाखाली धरतात, झाकण उघडतात, वाकून वास घेतात, झाकण लावतात आणि डबी परत खिशात टाकतात. मग समोरच्या डिशमधला पहिला घास घेतात. सिल्वासातल्या निम्म्या वेटरांची खात्री आहे की काका तपकीर ओढतात. उरलेल्यांना वाटतं, दम्याचं औषध असावं. दोन वर्षं मी त्यांना महिन्यातल्या एका रविवारी स्कूटरवरून हिंडवते आहे, पण डबीत काय आहे ते मीही विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या खिशात काय आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय.

हिंडायचं कारण एकच. काकांना सिल्वासात चांगलं टेक्स-मेक्स हॉटेल हवं आहे.

“म्हणजे मेक्सिकन ना?” असं मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी मला जिन्यातच थांबवलं.

“मेक्सिकन नाही, मीनाताई. टेक्स-मेक्स. मेक्सिको वेगळा, टेक्सस वेगळं. आमच्या भुसावळची शेवभाजी आणि कोल्हापूरचा रस्सा एकच का?”

“नाही.”

“हाओ. मग?”

काका मूळचे यावलकडचे, ‘हो’ म्हणायचं तिथे ‘हाओ’ म्हणणारे. खडोलीच्या एका सुताच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. वीसेक वर्षांपूर्वी कंपनीने त्यांना नव्या मशीनच्या ट्रेनिंगला आठ महिने अमेरिकेत टेक्ससला पाठवलं. राहायच्या जागेसमोर एका म्हातारीची खानावळ होती. तिथे पातळ पोळीत चीज गुंडाळून वर मिरची-जिऱ्याची लाल ग्रेव्ही ओतून देत, शेजारी घोटलेला राजमा. त्याला एन्चिलाडा म्हणतात. काका आठ महिने तेच जेवले. “जिरं,” ते बोट वर करून सांगतात, “जिऱ्यावर सगळं उभं आहे.”

आता सिल्वासात मेक्सिकन म्हणजे काय, तर मक्याचे दाणे. डोसा घ्या, भेळ घ्या, पाव घ्या, त्यावर मक्याचे दाणे आणि सिमला मिरची टाकली की झालं मेक्सिकन. आम्ही अशी अठरा-वीस हॉटेलं पाहिली. अथालच्या पुढे एका ढाब्यावर ‘टेक्सास स्पेशल’ मागवलं, तर पनीर बटर मसाला आला, त्यावर कागदाची छत्री खोचलेली. काकांनी छत्री काढून बाजूला ठेवली आणि विचारलं, “हिच्याशिवाय यात टेक्ससचं काय आहे?” वेटर नंदुरबारकडचा होता. तो म्हणाला, “काका, छत्रीच.”

एका ठिकाणी एन्चिलाडा गोड निघाला, अगदी शिकरणीसारखा. मालक गल्ल्यावरून उठून आला. “काका, आपणे त्यां बधाने थोडुं गळ्युं जोईए,” तो म्हणाला. आपल्याकडे सगळ्यांना थोडं गोड लागतं, त्याला काय करणार. काका त्याच्याकडे दयेने बघत राहिले.

नुसती नावं ठेवून निघून जाणं काकांना जमत नाही. कारखान्यात येणारा माल तपासण्याच्या फॉर्मची जुनी पॅडं त्यांच्याकडे पडून आहेत. प्रत्येक हॉटेलात ते खाली कार्बन घालून फॉर्म भरतात. पुरवठादाराचं नाव, मालाचं वर्णन, निरीक्षण, निर्णय. निर्णय तीन प्रकारचे. पास, रिजेक्ट, आणि मधला ‘डेव्हिएशनवर पास’, म्हणजे माल तंतोतंत नाही पण चालवून घेऊ. खाली पुरवठादाराची सही घेतात आणि वरची प्रत त्याला देतात. आजवर सगळे रिजेक्ट. नरोली रोडवरच्या एका मालकाने तो फॉर्म गल्ल्यामागे चिकटवून ठेवला आहे. त्यावर गोल शिक्का आहे ना, त्यामुळे लोकांना ते सरकारी सर्टिफिकेट वाटतं. धंदा वाढला म्हणतो.

“तुझे अमेरिकन काका आले,” असं आमचे हे रविवारी बेल वाजली की टीव्हीवरची नजर न काढता सांगतात. मीही धरून चालले होते की काकांना अमेरिकेची आठवण येते. निर्मला काकू गेल्यापासून हे सुरू झालं होतं. एकटा माणूस, वेळ जात नसेल, जुने दिवस आठवत असतील. मी दादऱ्याच्या एका कारखान्यात डिस्पॅच सांभाळते. माल कुठून निघाला आणि कुठे पोचला, एवढं कळलं की मला पुरतं. अमेरिकेहून निघाला, सिल्वासाला पोचत नाही. हिशोब सरळ होता.

म्हणून या हिवाळ्यात माझी भाची टेक्ससहून यायची होती, तेव्हा मी तिला आधीच यादी दिली. तिने तिथला ग्रेव्हीचा मसाला आणला, पिवळं चीज आणलं, त्या टॉर्टिया पोळ्यांची पाकिटं आणली, आणि माझ्या ओट्याशी उभी राहून सगळं करून घेतलं. जिरं तर एवढं पडलं की जिन्यात वास गेला. काकांचं हे शोधकाम आज संपवून टाकू, असा माझा बेत होता.

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले, फॉर्मची फाईल काखेत. खुर्चीवर बसले. डबी काढली, टेबलाखाली वास घेतला, झाकण लावलं. घास घेतला. बराच वेळ चावत राहिले.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “हेच. तिथल्या म्हातारीचं असंच होतं. शंभर टक्के.”

भाचीने माझ्याकडे बघून मान डोलावली. काकांनी पेन काढलं, फॉर्म भरला, सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. निर्णय: रिजेक्ट.

मला राग आला. दोन तास ओट्याशी उभी होते. “शंभर टक्के बरोबर, आणि रिजेक्ट?”

“मास्टर सॅम्पलशी, मूळ नमुन्याशी जुळत नाही ना.”

“कसलं मास्टर सॅम्पल?”

काकांनी खिशाला हात लावला. मी हात पुढे केला. ते थोडे घुटमळले, मग डबी माझ्या हातावर ठेवली.

आत चिमूटभर काळा मसाला होता. खान्देशी काळा मसाला, खोबरं आणि दगडफूल भाजून केलेला. मी तो ओळखला. दर उन्हाळ्यात निर्मला काकू गच्चीवर तो भाजायच्या आणि चारही मजले शिंकायचे. मी एकदा वर जाऊन त्यांना सुनावूनही आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वाटीभर मसाला आणून दिला आणि म्हणाल्या, “शिंकलीस ना, आता खा तरी.”

मग बाकीचं काकांनी सांगितलं. टेक्ससहून ते दर रविवारी फोन करायचे आणि काय जेवलो ते काकूंना सांगायचे. काकूंनी ते पदार्थ कधी पाहिले नव्हते. ऐकून ऐकून त्यांनी आपला एन्चिलाडा केला, घडीच्या पोळीचा, आत मटकी, वर काळ्या मसाल्याचा रस्सा आणि त्यावर किसलेलं चीज. काका परत आल्यावर पहिल्याच जेवणाला तो वाढला.

“मी काय म्हणालो असेन?”

“रिजेक्ट.”

“डेव्हिएशनवर पास,” काका म्हणाले. “बायको होती.”

मी डबीचा वास घेतला. स्टीलचा वास आला, दुसरा कसलाच नाही.

“येतो?” त्यांनी विचारलं.

खोटं बोलायची मला सवय नाही. “नाही, काका.”

“हाओ. मलाही दिवाळीपासून येत नाही.”

“मग हुंगता कशाला?”

“मास्टर सॅम्पल उघडल्याशिवाय माल तपासायचा नसतो. पद्धत आहे.”

त्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली. वरचे कागद हॉटेलांचे होते, खाली सगळे काकूंचे. पुरवठादार: सौ. निर्मला बऱ्हाटे. जिरे कमी. रस्सा पातळ. चीज वितळले नाही. प्रत्येकाचा निर्णय तोच, डेव्हिएशनवर पास, आणि खाली काकूंची गोलसर अक्षरातली सही. एका फॉर्मवर सहीच्या जागी लिहिलं होतं, ‘मग तुम्हीच करून खा’. त्यावरही शिक्का होता.

“इतक्या वर्षांत एकदाही नुसतं पास नाही?” मी विचारलं. “तोंडाने तरी म्हणायचं होतंत.”

“पास दिला की सप्लायर ढिला पडतो. कारखान्यात नेहमी बघितलं होतं. डेव्हिएशन लिहिलं की ती पुढच्या रविवारी परत करायची. जिरं वाढवायची, कमी करायची.” त्यांनी माझ्या हातातली डबी घेऊन खिशात टाकली. “तिथलं कसं लागतं ते मी दोन-तीन वर्षांतच विसरलो होतो, मीनाताई. आज घास घेतला तेव्हा आठवलं. मी तिचंच तिच्याशी ताडून बघत होतो.”

मी पानं उलटत गेले. काकूंचा शेवटचा फॉर्म वेगळा होता. निरीक्षणाचा रकाना कोरा. निर्णय: पास. काकांची सही, शिक्का. पुरवठादाराच्या सहीची जागा रिकामी.

“हॉस्पिटलातून घरी आली की घेणार होतो,” काका म्हणाले.

भाची आत पाणी आणायला गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी फाईल बंद केली, माझ्या रिजेक्टवर सही केली आणि माझी प्रत फाडून घेतली. मसाला कसा जुळवायचा, दगडफूल किती, खोबरं किती, हे काकूंना मी कधी विचारलं नव्हतं. शिंका तेवढ्या मोजल्या होत्या.

काकांनी ताटलीतला उरलेला एन्चिलाडा नीट संपवला. रिजेक्ट माल ते टाकत नाहीत.

“दादऱ्याला तलावाजवळ एक नवीन उघडलंय,” दारात चपला घालताना ते म्हणाले. “बाहेर कॅक्टसचं चित्र आहे.”

“मक्याचे दाणे असणार, काका.”

“हाओ, असणारच.” त्यांनी खिसा चाचपला, डबी जागेवर आहे ना ते पाहिलं. “रविवारी साडेबाराला निघू?”

“बाराला,” मी म्हटलं. “साडेबाराला गर्दी होते.”