जोडीतलं बटण

बायको चार दिवस गावाला गेली की नवऱ्याची दिवाळी होते म्हणतात. कात्रपला राहणाऱ्या मिलिंदरावांना हे कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला हाताला धरून घरी नेलं असतं आणि स्वतः केलेली खिचडी वाढली असती. अस्मिताबाई लेकीच्या, मैत्रेयीच्या, बाळंतपणाला पुण्याला गेल्या होत्या. "दीड महिन्यात येते" म्हणून गेलेल्या. आता चौथा महिना चालू होता. नात गोड, त्यामुळे बाईंचा पाय निघेना. इकडे मिलिंदराव अंबरनाथच्या कारखान्यातलं स्टोअर सांभाळून संध्याकाळी परत आले की घर त्यांना खायला उठायचं. (घर वन बीएचके होतं. पण खायचं म्हटलं तर तेवढंही पुरतं.)

बाई रोज फोन करायच्या, पण बोलायच्या नातीबद्दल. मिलिंदरावांना हवं होतं घरातलं बोलणं. गॅस बंद केला का, ओला टॉवेल उचला, असलं. तीस वर्षं ज्याला कटकट म्हटलं, त्याच आवाजासाठी आता जीव तुटत होता.

तशात त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. दारावरच्या बिनतारी बेलची स्वस्तातली बटणं घ्यायची, जुन्या मोबाइलला एक छोटा रिसीव्हर जोडायचा, की बटण दाबल्यावर मोबाइल सांगाल ते करतो. दिवा लावतो, पंखा लावतो, आणि बोलतोसुद्धा. 'बोलतोसुद्धा' ऐकलं आणि पुढच्याच रविवारी मिलिंदराव उल्हासनगरच्या बाजारात हजर झाले. पिशवीभर खोकी घेतली. प्रत्येक खोक्यात एक बेल आणि दोन बटणं. दुकानदार शेटजी म्हणाले, "साईं, ये जोडी है. जोडी तोडना मत."

मिलिंदरावांनी मान डोलावली. (आपलं ऐकण्याचं काम मान डोलावण्यापाशी संपतं, असं त्यांचं जुनं मत होतं.)

आठ दिवसांत घर बोलू लागलं. बायकोचे जुने व्हॉइस मेसेज त्यांनी बटणाबटणाला लावले. ओट्याजवळचं बटण दाबलं की "गॅस बंद केलात का?" मोरीपाशी "टॉवेल!" आणि दाराबाहेरच्या बटणाला त्यांनी जिवापाड जपलेला मेसेज लावला: "अहो, दार उघडा, मी आलेय." एकदा बेल बिघडली असताना भाजीची पिशवी घेऊन बाहेर ताटकळलेल्या बाईंनी तो पाठवला होता. त्यात प्रेम औषधालाही नव्हतं, नुसता वैताग होता. पण आवाज तिचा होता.

या दारावरच्या बटणाच्या खोक्यातली बेल आणि उरलेलं दुसरं बटण मात्र त्यांनी मोठ्या मनाने समोरच्या आण्णांना भेट दिलं. जोडी तुटली ती इथे; एका खोक्यातल्या दोन्ही बटणांचा सिग्नल एकच असतो.

झालं असं, की आण्णांकडे दूधवाला आला की इकडे बायको म्हणायची, "अहो, दार उघडा, मी आलेय." मिलिंदराव धावत जायचे. दारात दूधवाला, तोही समोरच्या. पेपरवाल्याला धावले, केबलवाल्याला धावले. दर वेळी काळजात लक्कन व्हायचं आणि दर वेळी पाठमोरा माणूस दिसायचा. शेवटी त्यांनी धावणं सोडलं.

आण्णांच्या संजीवनीबाईंनी मात्र पुण्याला फोन लावला. "वहिनी, सांगू नये, पण तुमच्या घरात बाई आहे. भाऊजी ड्युटीवर असले तरी असते. मी दार उघडायला गेले की नेमकी बोलते."

अस्मिताबाईंनी फोन ठेवला आणि बॅग भरली. रविवारी दुपारी बॅग घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी बेल दाबली. आतून त्यांचाच आवाज आला. त्या दचकल्या, मग मोठ्याने म्हणाल्या, "अहो, दार उघडा, मी आलेय!"

"एकदा ऐकलं," मिलिंदराव खिचडी ढवळत आतून म्हणाले.

बाईंनी दार बडवलं. आपलीही बेल वाजली म्हणून संजीवनीबाई बाहेर आल्या. "भाऊजी, उघडा, वहिनी आल्यात."

"वहिनी कसल्या, ते बटण आहे."

"मिलिंद!" बाहेरून हाक आली. तीस वर्षांत बाईंनी त्यांना नावाने दोनदाच हाक मारली होती, आणि हा मेसेज मोबाइलमध्ये नव्हता. पळी हातात घेऊनच मिलिंदरावांनी दार उघडलं.

बाईंनी घर धुंडाळलं. एकेक बटण दाबलं आणि स्वतःची बोलणी ऐकली. टॉवेलपाशी पोचेपर्यंत त्यांचे डोळे भरून आले.

"एवढी आठवण येत होती, तर फोनवर 'ये' म्हणायचं ना एकदा."

"नातीपुढे कसं म्हणू? पण घर खायला उठतं गं," मिलिंदराव म्हणाले आणि त्यांनाच रडू आलं.

डोळे पुसून बाईंनी उरलेल्या खोक्यांच्या पिशवीतलं एक कोरं बटण काढलं. "हे माझ्यासाठी. यात तुमचा आवाज भरा."

मिलिंदराव हरखले. "काय म्हणू? 'लवकर ये, करमत नाही'?"

"नको. 'हो, उठलो' एवढंच म्हणा. काम सांगितल्यावर हे तीस वर्षांत ऐकलेलं नाही."

मिलिंदरावांनी ते लगेच, मनापासून रेकॉर्ड केलं. आरामखुर्चीत पडल्या पडल्या.