वाईची धूळ, वडूजची धूळ

दौलूमामा केर काढताना गावांची नावं घ्यायचे. देवांची घेतली असती तर मला समजलं असतं.

“ही वाईची,” असं म्हणत ते दाराजवळची धूळ सुपलीत ओढायचे. “पोचली आसंल म्हातारी. ही कोरेगावची. ही बी गेली.” मग पडद्यापाशी येऊन थबकायचे आणि कमरेवर हात ठेवून फरशीकडे बघत राहायचे. “ही वडूजची. ती मोटार घाटात बंद पडती. हिला ऱ्हाऊ द्या.” आणखी दोन पावलं सरकून आवाज खाली यायचा. “आन ही पलटनीतली. हिला तर हातच लावायचा न्हाई.”

केर काढून झाला की आमच्या स्टुडिओची फरशी मधूनच लख्ख आणि मधूनच मळकी दिसायची. पाहुण्यांना वाटायचं, झाडणारा अर्ध्यावर उठून जेवायला गेला.

ही गोष्ट साताऱ्यातली, लढाईच्या दिवसांतली. पेठेत दामूअण्णांचा फोटो स्टुडिओ होता. आम्ही तिघं. अण्णा मालक, मी फोटो काढणारा आणि दौलूमामा बाकी सगळं करणारे. पडदा बदलणं, ट्रे धुणं, खेड्यातून आलेल्या गड्याला स्टुडिओतला कोट चढवणं आणि तो परत काढून घेणं, यातलं शेवटचं काम अवघड असे. मामा माणदेशातले. उन्हाळा असो की काही असो, खांद्यावर घोंगडं. मला ते ‘मास्तर’ म्हणत.

केर काढणारी बाई लेकीकडे गेली ती परत आली नाही, तेव्हा अण्णांनी पाळ्या लावल्या. “इथं नोकर-मालक कुणी नाही. धूळ सगळ्यांची,” असं ते म्हणाले. सोमवार-मंगळवार स्वतःकडे घेतले, बुध-गुरू मला, शुक्र-शनी मामांना. पण सोमवारी अण्णांचा उपास असे आणि मंगळवारी आदल्या दिवशीच्या उपासानं पाठ धरलेली असे. त्यामुळे त्यांचे वारही मामांकडेच जात.

बाई का परत आली नाही, याचं कारण मामांना पक्कं ठाऊक होतं. “ती दारातनं भाईर पडली आन अण्णांनी तिच्या पाठीवर केर काडला. कशी यील वं?”

कुणी गावाला निघालं की लगेच केर काढू नये, हे आपल्याकडे घरोघर पाळतात. पण घरोघर ते घटकाभर पाळतात. मामांचं म्हणणं, माणूस मुक्कामाला पोचेपर्यंत थांबायचं. “त्येची पावलं हितं हायती तवर त्येचं आर्धं मानूस हितं हाय. पोचू द्या की!”

हे ‘पोचू द्या की’ ते कशालाही लावत. अण्णा गरम चहा घटाघटा प्यायले की, “आवं, पोचू द्या की खाली!” अण्णांनी विनोद केला आणि कुणी हसलं नाही की, “हसत्याली, पोचू द्या की!” एकदा एक वकील उभे राहिले, मी फोटो घेतला आणि ते लगेच “कसा आला?” म्हणून विचारू लागले. तेव्हा मामा त्यांना म्हणाले, “आवं साहेब, अजून तुमचं त्वांड काचंवर पोचतंय.”

त्यात भर म्हणजे दिवे लागल्यावर केरसुणीला हात लावायचा नाही, हाही नियम होताच. दिवसभर माणसं जात राहायची, म्हणून केर काढायचा नाही. ती पोचतायत तोवर दिवे लागायचे, म्हणून काढायचा नाही. उरली सकाळ. मामा उजाडताच येऊन झाडायचे, पण त्यातही पलटणीतली धूळ तशीच. मी बुधवारी सकाळी केरसुणी घेतली की मामा माझ्यापुढे चालायचे आणि कुठं झाडायचं, कुठं नाही ते बोटानं दाखवायचे. मी मॅट्रिक झालेला माणूस, आणि मला फरशी शिकवली जात होती.

हे सगळं मी विनोदी म्हणून सांगतो आहे. तेव्हा मला ते विनोदी वाटत नव्हतं. मला दौलूमामांचा हेवा वाटायचा. आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयाला आलो आहे, तेव्हा लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

त्या काळात गावोगावची पोरं पलटणीत जात होती आणि जाण्याआधी फोटो काढायला साताऱ्याला येत होती. बरोबर आई, चुलता, कडेवर पोर घेतलेली बायको. मी काळ्या कापडाखाली डोकं घालून “हलू नका” म्हणायचो. ती माणसं जी ताठायची ती न्यायाला उभी केल्यासारखी. मग मामा माझ्या मागे येऊन उभे राहत आणि एवढंच विचारत, “म्हस कुनाच्या हवाली केलीस रं गड्या?” तो जवान हसायचा. फोटो मी काढायचो, हसू मामांचं यायचं.

निघताना पोरं मामांच्या पाया पडत. मला विचारत, “झालं न्हवं?” आया फोटो न्यायला परत येताना मामांना भुईमुगाच्या शेंगा आणत, काकड्या आणत. दारातून आत येतानाच विचारत, “मामा हायती का?” मी समोरच बसलेला असायचो.

पण खरा हेवा शेंगांचा नव्हता. मी सांगलीला काकांकडे वाढलो. साताऱ्याला नोकरी लागली तेव्हा ट्रंक घेऊन मी जिना उतरत होतो. शेवटच्या पायरीवर पोचायच्या आत माडीवरून केरसुणीचा आवाज आला. काकू माझी खोली झाडत होत्या. त्या वाईट नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा भाचा त्या खोलीत राहायला यायचा होता, एवढंच. तो आवाज मी कधी कुणाला सांगितला नाही. आणि इथं एक माणूस कुणाकुणाच्या पोरांची धूळ, ओळख ना देख, जपून ठेवत होता.

मग एका गुरुवारी त्यांचा स्वतःचा मुलगा आला. शिरपती. एकुलता एक, आई लहानपणीच गेलेली. रजा संपवून तो बेळगावला निघाला होता आणि तिथून पलटणीबरोबर बंदरावर जाऊन बोटीवर चढायचा होता. मामांनी त्याला सतरंजीवर उभा केला, खाली बसून आपल्या धोतराच्या सोग्यानं त्याचे बूट पुसले. बूट आधीच चकाकत होते. त्या दिवशी त्यांनी म्हशीचं काही विचारलं नाही. मी “इकडे बघ” म्हणत होतो, शिरपती बापाकडे बघत होता. शेवटी फोटो तसाच घेतला.

मामा त्याला पोचवायला स्टेशनावर निघाले. दारात वळून म्हणाले, “मास्तर, आज पाळी तुमची हाय. तेवडं…”

पुढचं मला कळलं.

ते नजरेआड झाले आणि मी केरसुणी उचलली. पाळी माझी आहे, असं मी स्वतःला म्हणालो. फरशी घाण आहे, असंही म्हणालो. सतरंजी झटकली, कोपरे काढले, वर पाण्याचा हात फिरवला. इतकी मन लावून फरशी मी आधी कधी झाडली नव्हती.

मामा दिवेलागणीच्या आधी परत आले. उंबऱ्यातच थांबले. फरशीत छपराच्या काचांचं प्रतिबिंब दिसत होतं.

“झाडलंसा व्हय,” ते म्हणाले.

“गुरुवार आहे. माझी पाळी.”

“व्हय. तुमचीच हाय.”

मला वाटलं, आता ओरडतील. ते मागच्या दारानं अंगणात गेले आणि केराचा पत्र्याचा डबा घोंगड्यावर पालथा करून आले. त्यात धुळीबरोबर चहाचा चोथा होता, माझ्या पेन्सिलीचे तासलेले तुकडे होते, अण्णांनी खाल्लेल्या संत्र्याची सालं होती. त्यातलं शिरपतीचं कुठलं, हे ओळखायला मार्ग नव्हता. मामांनी काहीच निवडलं नाही. सतरंजीची कड उचलली, घोंगड्यातलं सगळं त्याखाली ओतलं, तळहातानं हळूहळू पसरलं आणि सतरंजी परत टाकली. एकदा वरून थापटली, पोराला थापटतात तशी.

मी तिथंच उभा होतो. ते माझ्याकडे न बघता ट्रे धुवायला निघून गेले.

सतरंजीखालचा उंचवटा मात्र लपण्यासारखा नव्हता. त्यावर ठेवलेली खुर्ची डुगडुगायची. एक मामलेदार फोटोत असे कलंडलेले आले की बघणाऱ्याला भलताच संशय यावा. अण्णा भडकले. “सतरंजीखाली आहे काय? उचला ती!”

मामांचे हात ट्रेमध्ये जागच्या जागी थांबले. आणि माझ्या तोंडून निघालं, “फरशी उखडलीय अण्णा. मी गवंडी बघून ठेवलाय. येतोच म्हणालाय.”

तो गवंडी लढाई संपेपर्यंत आला नाही. कधी त्याच्या घरी लग्न असायचं, कधी तो आजारी पडायचा, एकदा तर मी त्याला झाडावरून पाडला. अण्णा म्हणायचे, असला गवंडी सोडून दुसरा का बघत नाहीस? मी म्हणायचो, हात फार चांगला आहे त्याचा. पाहुण्यांच्या खुर्च्या मी सतरंजीच्या कडेला ठेवू लागलो. माझ्या पाळीला सतरंजीच्या भोवतीनं झाडू लागलो.

गवंड्याच्या पहिल्या थापेनंतर दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर मूठभर शेंगा होत्या. त्या मी खोलीवर नेऊन एकट्यानं खाल्ल्या.

शिरपती परत यावा म्हणून मी रोज मनातल्या मनात हात जोडायचो. आणि हात जोडतानाच वाटायचं, केवढं हे नशीब या पोराचं! कुठल्या कुठं लढतोय आणि इकडं त्याच्या बुटाची माती राखायला दोन माणसं बसली आहेत, त्यातला एक खोटं बोलून बोलून थकलाय. भीती त्याच्यासाठी वाटायची आणि हेवाही त्याचाच वाटायचा.

लढाई थांबल्यावर बऱ्याच दिवसांनी, एका मंगळवारी, दारात एक काळवंडलेला, गालफडं बसलेला माणूस उभा राहिला. पाठीवर पिशवी. मला सलाम ठोकून म्हणाला, “मास्तर, आमचं म्हातारं हाय का आंदर?”

मामा हात पुसत बाहेर आले. मिठी वगैरे काही मारली नाही. आधी त्याच्या पायांकडे बघितलं, दोन्ही आहेत ना म्हणून. मग तोंडाकडे.

“पोचलास व्हय रं?”

“पोचलो की.”

मामांनी खाली बसून सतरंजी गुंडाळली. धूळ, वाळून काळी पडलेली सालं, पेन्सिलीचे तुकडे, सगळं चपटं होऊन फरशीला चिकटलं होतं. कोपऱ्यातली केरसुणी आणून त्यांनी माझ्यापुढे धरली.

“घ्या मास्तर. काडा केर.”

“मामा, आज मंगळवार. पाळी अण्णांची आहे.”

“आसू द्या. ह्यो केर तुमचाच हाय.”

मी झाडायला बसलो. शिरपती बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, “लय दिस झाडलं न्हाई वाटतं?” मामा म्हणाले, “मास्तर आळशी हायती.” आणि मला आठवतं तसे पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.

पुढच्या वर्षी मला सांगलीच्या एका स्टुडिओत चांगली जागा मिळाली. निघालो तो बुधवार होता. अण्णांनी पेढा दिला. मामा नुसते “बरं हाय” म्हणाले. मला थोडं लागलं. वाटलं, इतक्या वर्षांनी एवढंच? टांगा कोपऱ्यापर्यंत गेला आणि आठवलं, छत्री राहिली. टांगा थांबवून चालत मागे आलो.

मामा उंबऱ्यावर बसले होते. केरसुणी मांडीवर आडवी. आतून अण्णा ओरडत होते, “अहो मामा, पाहुणे यायचेत! मास्तर गेले तर त्यांची पाळी तुम्ही करा! केर काढा आधी!”

“आत्ताच गेल्यात न्हवं मास्तर?” मामा म्हणाले. “पोचू द्या की सांगलीला.”

“सांगलीला पोचेपर्यंत हे असंच ठेवायचं?”

“आपलंच मानूस हाय.”

मी आत गेलो नाही. छत्री तिथंच राहिली.

मिरजेला गाडी बदलायची होती. उतरलो तेव्हा ऊन कलतं होतं आणि पलीकडे सांगलीची गाडी लागलेली होती. ती धरली असती तर उजेडातच सांगलीला पोचलो असतो. मी ट्रंकेवर बसून राहिलो आणि ती गाडी जाऊ दिली. थोड्या वेळानं एक माणूस फलाटावरचे कंदील लावत माझ्या दिशेनं आला. माझ्या डोक्यावरचा कंदीलही त्यानं लावला.

दिवे लागले. म्हणजे आता साताऱ्यात आज केर निघणार नव्हता.