तीन खाचांचा पंप

"पंप म्हणजे काय, हे मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय," असं स्टोअरकीपर चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, आणि तिथेच त्याचे ग्रह फिरले.

तसा त्याचा अधिकार मोठा होता. पाणीपुरवठ्याच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं काढलेला माणूस. त्याचा एकच कायदा होता: जुना आणा, नवा न्या. जुना पार्ट हातात पडल्याशिवाय त्याने साहेबालासुद्धा कधी वायसर दिला नाही. आणि लोक लबाड असतात म्हणून प्रत्येक वस्तूवर तो कानशीने तीन बारीक खाचा पाडायचा. पुढे हे वेड घरात शिरलं. कुकरच्या झाकणावर तीन खाचा, छत्रीच्या मुठीवर तीन खाचा, आईच्या काठीवर तीन खाचा. सासरे राहायला आले तेव्हा बायकोने कानस लपवून ठेवली होती म्हणतात.

घरामागच्या शेडमध्ये एक गाडी उभी होती. गाडी म्हणायचं आपलं. तिच्याकडे बघून कुत्रीसुद्धा पाय वर करायच्या आधी विचार करायची. पण स्टोअरकीपरचा जीव तिच्यात अडकलेला होता, कारण तो तिच्या मागच्या सीटवर जन्मला होता. खरोखर जन्मला होता. त्याच्या आईला दवाखान्यात नेताना डॉक्टरांची ही गाडी वाटेत बंद पडली आणि हे रत्न तिथेच प्रकटलं. शेचाळीस वर्षांनी डॉक्टरांच्या मुलाने गाडी भंगारात काढली तेव्हा स्टोअरकीपर धावत जाऊन तिला घेऊन आला. माणसं आईवडिलांना इतक्या प्रेमाने घरी आणत नाहीत.

आणल्या दिवशीच त्याने टाकीत दहा लिटर पेट्रोल ओतलं. मग सात महिने इंजिन, प्लग आणि वायरिंगशी झटापट चालली. पहिल्याच आठवड्यात बॅटरी जोडली, तसा पेट्रोलचा काटा थरथरत उठला आणि अर्ध्यावर जाऊन थांबला. तेव्हा तर त्याने सगळ्या घराला शेडमध्ये बोलावलं.

"बघा, एवढ्या वर्षांनी काटा कसा बरोबर चालतोय. याला म्हणतात माल."

"काट्यावर बसून जायचंय का कुठे?" बायकोने विचारलं.

बायकोला गाडीचा राग होता, आणि तो रास्त होता. ती धुलाईचं काम करायची. इतके दिवस घरगुती कपडे होते, आता एका इस्पितळाच्या चादरींचं काम मिळालं होतं. दोन महिने खेटे घालून, कुणाच्याही पाया न पडता मिळवलेलं. त्यासाठीचं मोठं मशीन पुढच्या रविवारी दुपारी बारा वाजता यायचं होतं, आणि ते मावेल अशी घरात एकच जागा होती. शेड.

"रविवारी बाराच्या आत गाडी स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर गेली तर ठेवा, बाहेर झाडाखाली," ती म्हणाली. "नाही गेली तर मी भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. तो उचलून नेईल."

आता स्टार्टर फिरत होता, ठिणगी पडत होती, पण कार्बोरेटरपर्यंत पेट्रोलचा एक थेंब पोचत नव्हता. म्हणजे पंप. शंकाच नाही. ही बंद गाडीसमोर उभी राहून "शंकाच नाही" म्हणणारी जमात आहे ना, तिच्यामुळेच अर्धी भंगाराची दुकानं चालतात.

आधी तो स्पेअर पार्टच्या बाजारात गेला. काचेच्या काउंटरमागच्या माणसाने गाडीचं मॉडेल ऐकलं आणि आतल्या भावाला हाक मारली, "अरे बाहेर ये, गंमत बघ." मग नव्या पंपाची जी किंमत सांगितली, त्यात स्टोअरकीपरच्या घराला रंग लागला असता, आतून आणि बाहेरून. दुसऱ्या दुकानात म्हणाले सहा महिने लागतील. तिसऱ्यात नुसतेच हसले. ग्राहकाला हसायचे यांना पैसे मिळतात की काय कोण जाणे.

शेवटी तो भंगारवाल्याकडे गेला. बायकोने सांगून ठेवलेल्याच. गावात दुसरा होताच कुठे. गिअरबॉक्सच्या ढिगाऱ्यावर खुर्ची टाकून तो पेपर वाचत होता.

"या साहेब. गाडी मी रविवारी उचलणार होतो, तुम्ही आधीच आलात."

"उचलतोस कसली? पंप आहे का तिचा?"

भंगारवाल्याने डोळे मिटले, एका हाताने पोत्यात खोल चाचपलं आणि पंप बाहेर काढला. स्टोअरकीपरच्या अंगावर काटा आला. तीच घडण, तीच दोन नळ्यांची तोंडं, तेच झाकण! लग्नात बायकोला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो इतका हलला नव्हता.

"किती?"

"जुना दिलात तर बाजाराच्या दहाव्या हिश्शात. तुमचाच कायदा आहे, जुना आणा नवा न्या. मी तुमच्या स्टोअरला वाळूच्या पाट्या द्यायचो तेव्हा शिकलो."

स्टोअरकीपरला भरून आलं. जगात कुणीतरी आपलं ऐकतं. तो उड्या मारत घरी गेला, जुना पंप काढला, सवयीने त्याच्या कडेला तीन खाचा पाडल्या आणि नेऊन दिला.

नवा पंप बसवला. स्टार्टर मारला. गाडी घोरली, खोकली, गप्प झाली. थेंब नाही.

"मग फिल्टर असेल," तो म्हणाला. सोमवारी फिल्टर आला. मंगळवारी नळ्या बदलल्या. बुधवारी त्याने कार्बोरेटर खोलून आईच्या औषधाच्या ताटात मांडला; गुरुवारी आईने गोळी समजून त्यातला बारीकसा पितळी जेट उचलला, तो वेळेवर हातातून काढून घेतला. रोज गाडीखाली लोळून सदरा काळा, रोज बायको तो उचलून नेई आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ घडी करून ठेवी. एवढं ग्रीस ती कसं काढते, हे त्याने सात महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. नवऱ्यांना घडी केलेला सदरा झाडाला लागतो असं वाटतं.

आई खिडकीशी बसून सगळं बघत असे. "बाळ्या, मी सांगू का?"

"आई, हे पंपाचं आहे. तुला नाही कळायचं."

"बरं बाबा."

शनिवारी तो तणतणत भंगारवाल्याकडे गेला आणि पंप त्याच्या टेबलावर आदळला. "मेलेला माल गळ्यात मारतोस?"

"रागावू नका. खास माल आहे, तुमच्यासाठीच राखून ठेवलाय." भंगारवाला आत गेला आणि चंदेरी रंग मारलेला झळझळीत पंप घेऊन आला. "हा घ्या, तो ठेवा. वर थोडं द्या, रंगाचे."

चंदेरी पंप पोटाशी धरून स्टोअरकीपर घरी आला. उद्या बाराची वेळ, आणि हातात असा पंप! जिंकलो आपण, असं त्याला वाटलं.

रविवारी अकरा वाजता पंप बसला. साडेअकराला स्टार्टर मारला. थेंब नाही. पावणेबाराला मशीनचा ट्रक फाटकाबाहेर उभा राहिला, त्याच्यामागे भंगारवाल्याचा. बायको पदर खोचून शेडच्या दारात आली. तिला पाहून स्टोअरकीपर पंप आवळायला पुन्हा गाडीखाली शिरला. त्या घाईत पाना घसरला आणि पंपाच्या कडेचा चंदेरी रंग खरवडला गेला.

एक खाच. त्याने नखाने आणखी रंग काढला. दोन. तीन.

"हरामखोरा," तो गाडीखालून ओरडत बाहेर आला, "माझाच पंप मला विकलास?"

भंगारवाला शांतपणे म्हणाला, "मग काय दुसऱ्याचा विकू? या गाडीचे आपल्याकडे पंप दोनच. दोन्ही तुम्ही बसवून बघितलेत. दोन्ही चांगले आहेत, मी तोंडाने ओढून बघितलेत. पेट्रोल आहे का टाकीत?"

"अर्धी टाकी! काटा बघ, काटा."

भंगारवाला काट्याकडे गेलाच नाही. तो गाडीच्या मागे गेला आणि टाकीवर बोटाची गाठ आपटली.

टण्ण.

रिकाम्या हंड्याचा आवाज साऱ्या शेडमध्ये घुमला. मशीनवाले हमालसुद्धा टोपी सारखी करून जवळ आले.

"गळती," स्टोअरकीपर पुटपुटला. "कुठेतरी गळती असणार."

"गळती नाही," बायको म्हणाली. इतका वेळ ती जमिनीकडे बघत होती. "मी काढलं. नळीने. वाटीवाटीने."

"तू? माझं पेट्रोल?"

"ग्रीसचे डाग काय साबणाने जातात? सात महिने रोज एक सदरा. तुम्ही गाडीखाली लोळायचं, मी गाडीतलंच पेट्रोल काढून तुमचे सदरे धुवायचे. मला वाटलं टाकीत ढीगभर आहे. काटा अर्ध्यावरून हलतच नव्हता."

स्टोअरकीपरने अंगातल्या सदऱ्याकडे पाहिलं. पांढराशुभ्र होता. दहा लिटर पेट्रोल त्याने पाठीवर मिरवलं होतं.

बायको आत गेली आणि इस्त्रीच्या कपाटातून एक बाटली घेऊन आली. "एवढंच उरलंय. लिटरभर."

भंगारवाल्याने दोन घोट कार्बोरेटरला पाजले, बाकीचं टाकीत ओतलं. बाराला चार मिनिटं होती. स्टोअरकीपरने किल्ली फिरवली. गाडी खोकली, शिंकली, आणि मग असा आवाज काढून सुरू झाली की छपरावरची कबुतरं गाव सोडून गेली. हमाल टाळ्या वाजवायला लागले. बायको हसली, खरंच हसली, तोंडावर पदर धरून. स्टोअरकीपर डोळे पुसत गिअर टाकत होता. गाडी शेडमधून निघाली, अंगण ओलांडलं, पुढची चाकं फाटकाबाहेर गेली आणि लिटर संपला.

अर्धी आत, अर्धी बाहेर. समोर मशीनचा ट्रक हॉर्न वाजवतोय.

"गेली ना बाहेर?" स्टोअरकीपर आशेने म्हणाला.

"मागची चाकं घरात आहेत," भंगारवाला म्हणाला.

"शेड तर मोकळी झाली," बायको म्हणाली. "ढकला सगळे. झाडाखाली लावा. अन् पुढच्या वेळी सदरा जुना घाला."

तेवढ्यात आई काठी टेकत आली, मागचं दार उघडून सीटवर बसली आणि स्प्रिंगवर हात फिरवला. "ह्याच जागी. त्या दिवशीही अशीच मध्येच थांबली होती. डॉक्टर बिचारे बाहेर उतरून पंपाला शिव्या घालत होते. मग कुणीतरी टाकी वाजवून बघितली. ठणठणीत कोरडी."

स्टोअरकीपर गाडी ढकलता ढकलता थांबला. "पण मग निघतानाच बघितलं नाही त्यांनी?"

"बघितलं ना. मीही बघितलं. काटा अर्ध्यावर होता."

"आई, मग सात महिन्यांत एकदा सांगायचंस की मला."

"सांगत होते. तू म्हणालास, पंपाचं आहे."

त्याने खिडकीतून आत डोकं घातलं. टाकी कोरडी, इंजिन गार, मागे आई, मागून ढकलायला सहा माणसं. आणि समोर काटा, न हलता, अर्धी टाकी दाखवत होता.