दहावं विद्यापीठ आणि मार्लिसचा फ्रीझर

"या खेपेला नाव फुटणार नाही म्हणजे नाही! माझ्या बायकोलासुद्धा पत्ता लागणार नाही!" वेंडेल ओस्टरहाउसनं नऊ कुलगुरूंपुढे छातीठोकपणे सांगितलं.

वेंडेल हा बास्केटबॉल कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचा प्रमुख. कॉन्फरन्समध्ये नऊ विद्यापीठं, आता दहावं घ्यायचं होतं. मागच्या खेपेला नाव आधीच फुटलं आणि ते विद्यापीठ रुसून दुसरीकडे गेलं. म्हणून कुलगुरूंनी यंदा बजावलं होतं, गुरुवारच्या मतदानाआधी तीन उमेदवारांतलं एक जरी नाव बाहेर आलं, तर वेंडेल घरी!

वेंडेलनं यादी कपाटात कोंडली आणि किल्ली मोज्यात घातली. चाहत्यांचा काय भरवसा! प्रमुख कुठल्या गावाला गेला ते हुडकायला मेले विमानांचे नंबरसुद्धा टिपून ठेवतात. त्या तिन्ही गावांकडे त्यानं तोंडही वळवलं नाही. शनिवारी गेला तो भलत्याच गावाला, हार्लन क्रीकला. तेही बायकोनं, मार्लिसनं पिटाळलं म्हणून. तिच्या भावानं दोन हरणं मारली होती, त्यांचं मांस ठेवायला जागा हवी होती, आणि तिथल्या कॉलेजच्या जुन्या जिममध्ये चर्चवाले वापरलेला फ्रीझर विकत होते.

"दारातून निघेल ना, ते मोजून ये," बायकोनं बजावलं होतं.

वेंडेल गुडघे टेकून दार मोजायला लागला. थंडी मरणाची! एका बाईला दया आली, तिनं कॉलेजची नारिंगी टोपी त्याच्या डोक्यावर चढवली. चर्चच्या विक्रीला कॉलेजचे प्राचार्यच बसले होते. त्यांनी हात पुढे केला, वेंडेलनं तो दाबला. "ठरलं तर! पुढच्या शनिवारी नेतो!"

घरी पोचतो तोच ऑफिसातल्या ग्लेनिसचा फोन. "साहेब, काय केलंत हे! टोपी घालून बास्केटबॉलचं कोर्ट मोजताय, हात मिळवताय, फोटो सगळीकडे फिरतोय!"

"अगं, मी दार मोजत होतो!"

"कोण ऐकतंय! तिकडे बँड वाजतोय, मिरवणुकीला आगीचा बंब काढलाय!"

वेंडेलच्या तोंडचं पाणी पळालं. आठशे पोरांचं कॉलेज! छतावरचा बर्फ वितळला की गळक्या जिममध्ये बादल्या मांडून खेळतात! 'हे नाही' म्हणावं, तर लोक विचारणार, मग कोण? म्हणून पत्रकारांना त्यानं एवढंच सांगितलं, "मला काही बोलायचं नाही."

झालं! या धंद्यात त्याचा अर्थ सरळ 'हो' असा होतो.

गुरुवारी वेंडेल राजीनामा खिशात घालूनच गेला. पहिले कुलगुरू उठले. "शाबास ओस्टरहाउस! हार्लन क्रीकबद्दल बाकीच्या आठांशी तू बोलला असशीलच. माझी काही हरकत नाही."

दुसऱ्यांनाही तसंच वाटलं. तिसऱ्यांना तर पहिल्यापासून हेच कॉलेज हवं होतं म्हणे! आपल्यालाच काही माहीत नाही, हे कबूल कोण करणार? नऊच्या नऊ हात वर!

वेंडेलनं खिशातला राजीनामा चाचपला. "पण... ती यादी?"

"तीच तर कमाल! त्या तिघांचं नाव शेवटपर्यंत फुटलं नाही!" पहिले कुलगुरू म्हणाले. आणि त्याची नोकरी पाच वर्षांनी वाढली.

घरी मार्लिस मांसाच्या पिशव्यांच्या ढिगात उभी होती. "फ्रीझरचं काय झालं?"

"देत नाहीत. काचेत ठेवलाय. ऐतिहासिक करार त्याच्यापाशी झाला म्हणे."

मार्लिसनं नवऱ्याच्या डोक्यावरची नारिंगी टोपी ओढून काढली.

"जा, दुसऱ्या गावाला जाऊन आण! अकरावं विद्यापीठ आलं तरी चालेल, पण माझं मांस नासता कामा नये!"