पानातल्या गावचा पाहुणा

मक्याच्या रानात, बांधाला लागून उगवलेल्या एका काटेमाठाच्या पानात एक गाव आहे. गावाचं नाव हिरवाडी. गाव लहान, पण शिस्तीचं. तिथल्या माणसांनाही चार माणसांसारखी भाकरी लागते. ती भाकरी उन्हाची असते, एवढाच फरक.

सकाळी ऊन आलं की बाया छपरांवर चढतात, पदर पसरून ऊन झेलतात आणि हातोहात खाली देतात. या हातातून त्या हातात करत ते चावडीपुढच्या बैठकीच्या दगडापाशी येतं. दगडावर भिवा बसलेला असतो. त्याच्या ओंजळीत ऊन दोनदा ओतायचं. एकदा ओतलं तर तो हलत नाही. दुसऱ्यांदा ओतलं की उठतो, खालच्या आळीला जात्यावर जाऊन ओंजळ रिकामी करतो आणि परत येऊन बसतो. जात्यातून पीठ पडतं, त्यावर गाव जगतं. त्याचा बाप हेच करायचा, आजाही हेच करायचा. त्याच्या ओंजळीत ऊन ओतायचं काम त्याच्या बायकोचं, सगुणाचं. दोघांचा संसार असा ओंजळभर अंतरावर चाललेला.

ऊन खाऊन खाऊन तो दगड दिवसभरात झिजतो. म्हणून रोज दिवस कलला की म्हाळू पाथरवट जुना दगड काढतो आणि तसाच नवा बसवतो. तसाच म्हणजे अगदी तसाच, मधली खोबण तीच, उजव्या अंगाचा कोपरा तोच. म्हाळूच्या आईनं त्याचा हात धरून ते माप त्याच्या बोटांत घातलं होतं. त्यापेक्षा टाकीचा एक घाव कमी नाही की जास्त नाही, असा गावाचा रिवाज.

एका सकाळी वारा नसताना धुकं उतरलं. धुक्याला तण मारायच्या औषधाचा वास होता. रानाचा मालक पाठीला पंप लावून बांधावरून फिरून गेला होता. गावाला मालक कधी दिसत नाही, त्याच्या पायाची सावली तेवढी येते आणि जाते. त्या दिवशीही आली आणि गेली.

भिवा जात्यावरून परतला तेव्हा दगडावर कुणीतरी बसलं होतं. कपडे स्वच्छ, चेहरा शांत, आणि अंगाचा बांधा हुबेहूब भिवाचा. खोबणीत असा बसला होता, जणू दगड त्याच्यासाठीच घडवला होता.

"राम राम पाव्हणं," भिवा म्हणाला. "कुठल्या गावचं?"

"बसतो जरा," पाहुणा म्हणाला.

"बसा की."

तिथंच चूक झाली. पण दुसरं काय म्हणणार? बसलेल्या पाहुण्याला ऊठ म्हणायचं नाही, तो आपणहून उठेल तेव्हा खरा, असं हिरवाडीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. भिवानं पाणी आणून दिलं. पाहुण्यानं तांब्याकडे पाहिलं, हात काही लावला नाही. त्याचे दोन्ही हात मांडीवर पालथे पडले होते.

इकडे ऊन यायचं थांबलं नव्हतं. सगुणा ओंजळ भरून उभी.

"अवं पाव्हणं, हात तरी उताणं करा!" ती म्हणाली. "बसायचं तर बसा, पण घ्या तरी काहीतरी!"

पाहुणा बसून राहिला.

"मला दे," भिवानं ओंजळ पुढं केली.

"दगडावर बसल्याबिगर तुझ्या हातात ठरतंय का ते? सांडंल."

आणि ऊन सांडून चालत नाही. खाली ठेवताही येत नाही. सगुणानं ते हातात धरून ठेवलं. तिच्यामागच्या बाईनं आपलं धरून ठेवलं, तिच्यामागचीनं आपलं. दुपारपर्यंत सगुणाची बोटं पांढरी पडली. जळाल्यासारखी काळी नव्हे, धुतल्या कापडासारखी पांढरी. सांजेला ऊन विझलं तेव्हा कुठं तिला हात खाली सोडता आले. रात्री भिवानं त्या हातांना पाला चोळला.

"दुखतंय?"

"न्हाई," ती म्हणाली. "काहीच लागंना झालंय. तेच वाईट."

सांजेला म्हाळूनं दगड बदलला तेव्हा पाहुणा सभ्यपणे उठून बाजूला झाला होता. "म्या ठोकून घेईस्तोवर तू टेकून घे भिवा," म्हाळू हळूच म्हणालाही. पण भिवा वाकेपर्यंत पाहुणा नव्या दगडावर बसलेला. रोज असंच होऊ लागलं.

सरपंच येसूबाईंनी चावडीत गाव गोळा केलं. पाहुणा दोन हातांवरच होता, म्हणून सगळे हळू आवाजात बोलले.

"तो कुणाला मारत न्हाई, शिव्या देत न्हाई," येसूबाई म्हणाल्या. "बसलाय निस्ता. तक्रार करायची तर काय म्हणून?"

"ऊन बंद करा," कुणी म्हणालं.

"सूर्याला निरोप कोण देणार? तुजा मामा?"

मग एका म्हातारीनं सांगितलं की मक्याच्या पानातल्या गावांतही हेच पाहुणे गेले होते. तिथली माणसं वेशीवरच त्यांच्या पाठीला गाठोडं बांधतात. गाठोड्याच्या माणसाला खोबणीत बसता येत नाही. तो हिंडत हिंडत अडगळीत जाऊन पडतो.

"मग आपणबी बांधू!"

"ती गाठ येती कुणाला आपल्यात?"

कुणाला येत नव्हती. मक्याच्या लोकांना ती उपजत येते. बैठक मोडली.

पुढं छपरावरच्या बायांनी सांगितलं की शेजारच्या घोळीच्या पानात ऊन देणारे हात हलताना दिसत नाहीत. नंतर म्हणाल्या, ते पानच दिसत नाही, नुसता पांढरा डाग दिसतो. सगुणा कोपरापर्यंत पांढरी झाली होती. ऊन हातात घेऊन उभी असताना ती भिवाकडं बघायची. भिवा रिकाम्या ओंजळीनं तिच्याकडं बघायचा. मधे पाहुणा. आता पांढरेपणा खांद्याला लागला की पुढं काय, हे दोघांना ठाऊक होतं.

तुंबलेल्या उन्हाच्या झळीनं म्हाळूचे डोळे दिपले होते. एका सांजेला त्याचा हातोडा चुकला आणि उजव्या अंगाचा कोपरा टचकन उडाला. म्हाळू खाली बसून लहान पोरासारखा रडला.

"माज्या आयचा हात मोडला रं माज्याकडनं," तो म्हणाला.

दुसरा दगड घडवायला उजेड उरला नव्हता. जसा होता तसा बसवला.

पाहुणा त्या कोपऱ्याला रेलूनच बसायचा. तसा बसायला गेला आणि घसरला. उठला, पुन्हा बसला, पुन्हा घसरला. "बसतो जरा," तो दगडाला म्हणाला. रात्रभर तो बसत होता आणि घसरत होता. घसरण्याचा आवाज घराघरात ऐकू येत होता.

सकाळी भिवा दगडावर टेकला. कोपरा नसल्यानं माकडहाड रुतत होतं, कंबर एका बाजूला कलत होती. पण तो टिकला. सगुणानं ओंजळ ओतली. दुसऱ्यांदा ओतली. भिवा उठला आणि लंगडत जात्याकडं निघाला. मागून सगुणाचा आवाज आला, "वाईच बेतानं! सांडशील!"

येसूबाईंनी त्याच दिवशी ठरवून टाकलं, की इथून पुढं दगड असाच हवा.

"चूक पुन्यांदा तशीच कशी करू बाई?" म्हाळूनं विचारलं.

"आईनं माप शिकवलं तसंच. हाताला शिकव."

म्हाळूनं हाताला चूक शिकवली. आता रोज तसाच फुटक्या कोपऱ्याचा दगड बसतो. पीठ पूर्वीपेक्षा कमी पडतं, भिवाची चाल मंदावली, पोरं जरा किरकोळ निपजतात. पण भोवतालचं तण पांढरं होऊन झडून गेलं आणि काटेमाठ एकटा उंच वाढला. त्याला बी धरलं. प्रत्येक बियात एक गाव बांधून ठेवलं आहे, आणि त्या गावात एक पाथरवट, चूक शिकलेला.

सगुणाचे हात पांढरेच राहिले. ऊन ओततात, बाकी त्यांना काही कळत नाही.

पाहुणा गेला नाही. तो भिवाच्या मागं उभा असतो. भिवा जात्याकडं गेला की वाकून मोडक्या कोपऱ्यावरून बोट फिरवतो. पुन्हा पुन्हा, सावकाश. सगुणाला ते समोरूनच दिसतं. येता-जाता लोक त्याला पाणी विचारतात. तो तांब्याकडे बघतो.

परवा सांजेला तो दगडापाशी दिसला नाही. सगुणा भिवाला घेऊन शोधायला निघाली. तो म्हाळूच्या अंगणात, घडत्या दगडापुढं उभा होता.

"शिकतो जरा," तो म्हाळूला म्हणाला.

म्हाळूनं भिवाकडं पाहिलं. भिवानं सगुणाकडं पाहिलं. तिनं हात पदराखाली घेतले.

शिकायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, असाही हिरवाडीत रिवाज आहे. म्हाळू बाजूला सरकला, त्याला जागा करून दिली आणि त्याचा हात हातात धरला.