कॅमेरा भेला

रामटेकेकाका तुमच्याकडे डोळ्यांनी पाहत नाहीत, कपाळाने पाहतात. तुम्ही त्यांच्या डाव्या हाताला बसून चहा पीत असाल आणि त्यांना तुमच्याशी बोलायचं असेल, तर नुसती बुबुळं वळवून त्यांचं भागत नाही. आधी मान, मग खांदे, असं सगळं धड वळतं, कपाळ तुमच्या नाकाच्या रेषेत येतं, आणि जे दिसलं ते आवडलं तर तोंडातून 'टक्' असा आवाज निघतो. दातावर दात. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस आता मला चावणार.

कारण नंतर कळलं. काका फौजेत छत्रीवाले होते. विमानातून उडी मारायची आणि खाली येता येता दुसऱ्या उडी मारणाऱ्यांचे फोटो काढायचे, हे त्यांचं काम. हात तोल सांभाळण्यात गुंतलेले, म्हणून कॅमेरा हेल्मेटवर आणि बटणाची वायर तोंडात. जिकडे कपाळ तिकडे फोटो. दात दाबले की निघाला. फौज सुटली, पुढे जवाहरनगरच्या कारखान्यातली नोकरीही संपली, मोहाडीत माझ्या स्टुडिओमागच्या गल्लीत घर झालं, पण कपाळ आणि दात अजून ड्यूटीवरच आहेत. पंगतीत बुंदी वाढणारा आपल्याकडे येताना दिसला, की टक्.

मी लग्नांचे फोटो काढतो. नवरानवरी हलत नाहीत, फार तर रडतात, त्यामुळे माझं बरं चाललेलं असतं. अडलं तर काकांकडे जातो. कॅमेऱ्याच्या कोणत्याही दुखण्यावर त्यांचं निदान एकच.

"भेला तो." म्हणजे भ्याला, घाबरला.

"काका, मशीन कशी भेईल जी?"

"काहून नाई भेणार? समोर निरं आभाय असलं, तं धराले काई भेटत नाई त्याले. पुढं जाते, मांगं जाते, पुढं जाते, मांगं जाते. अंधारात भिंत चाचपल्यावानी. तुमी त्याले फोकस जात नाई म्हणता. मी म्हणतो भेला."

फोटोत माणूस काळाठिक्कर आला, तरी तेच. आभाळाचा उजेड पाहून कॅमेरा दचकतो आणि डोळे बारीक करतो, मग माणसाचा कोळसा होतो. उपाय काय? कॅमेऱ्याची अक्कल बंद करायची. फोकस आपल्या हाताने लावायचा, रिंगवर चिकटपट्टी मारायची, म्हणजे ती जागची हलणार नाही. उजेड आभाळावर मोजायचा नाही, पायाखालच्या गवतावर मोजायचा. "त्याले निर्णय घेऊच नको देऊ," काका म्हणत, "भेलेल्या माणसानं निर्णय घेतला, का गेला."

मागच्या हिवाळ्यात एके दिवशी काका स्टुडिओत आले, कपाळ माझ्यावर रोखलं, पण टक् काही झालं नाही.

"संजू, तुयी काकू विमानातून उडी मारून राहिली."

कुसुमकाकू म्हणजे काकांची बायको. वय साठीच्या आसपास. शेजारच्या जिल्ह्यातल्या धावपट्टीवर हौशी लोकांसाठी उड्यांचं शिबिर भरणार होतं. अनुभवी उस्ताद पाहुण्याला आपल्या पुढ्यात पट्ट्यांनी बांधून घेतो आणि दोघं एकाच छत्रीने खाली येतात. काकूंनी परस्पर नाव दिलं होतं. मी विचारायला गेलो, तर त्या वांगी चिरत होत्या.

"हे वरून उड्या मारत होते तई मी खाली भेत बसो. आता एकदा वर जाऊन पाहतो म्हटलं, कायले भेत होती मी ते. यायले म्हणा, तुमी बसा आता खाली."

काकांचे गुडघे गेलेले, त्यामुळे त्यांना वर कोणी नेणार नव्हतं. म्हणून त्यांनी मला विमानाच्या उघड्या दारात बसून फोटो काढायला सांगितलं. "बांधून ठेवतेत बे, पडत नाईस." स्टुडिओतला पडदा लावायला स्टुलावर चढलो तर बायकोला स्टूल धरायला लावणारा माणूस मी. माझा चेहरा पाहून काकांनी हुकूम बदलला. जमिनीवरून, लांबच्या लेन्सने.

मग सुरू झाला सराव. काकांनी पोत्यात तणस, म्हणजे धानाचं वाळलं गवत, कोंबलं, त्याला काकूंची जुनी निळी साडी गुंडाळली, ती बाहुली घेऊन गच्चीवर गेले आणि ओरडले, "तयार?" मी गल्लीत लेन्स वर करून उभा. आभाळासाठी शिकवलेला अगदी लांबचा फोकस मी इमानदारीने लावून, पट्टी मारून ठेवला होता. गच्ची लांब नसते, हे डोक्यात आलं नाही. बाहुली पडली, मी बटण दाबलं. फोटोत दूरची पाण्याची टाकी इतकी स्वच्छ, की शिडीच्या पायऱ्या मोजून घ्याव्यात. समोर काकूंच्या जागी एक निळसर धूर.

समोरच्या घरातून किंकाळी आली. "कुसुमबाई पडल्या!" गल्ली गोळा झाली. नेमक्या त्याच वेळी खुद्द कुसुमबाई बाजाराची पिशवी घेऊन कोपऱ्यावरून वळल्या. लोकांना बाजूला करून त्यांनी आपलीच साडी मातीत पसरलेली पाहिली.

"अवो, मेली का मी?"

सगळे हसले. मी तर भिंतीला टेकून हसत होतो. काका गच्चीवरून खाली आले, त्या साडीकडे पाहिलं आणि पायरीवर बसले. ओठ पांढरे पडले होते.

"काय झालं जी काका?"

"उजेड कमी हाय आज," ते म्हणाले. भर दुपार होती.

त्यानंतर काका सकाळ-संध्याकाळ येऊ लागले. उडी मारताना उस्ताद मनगटावर छोटा कॅमेरा बांधतो, तो वरच्या थंडीत गार पडेल, खाली आल्यावर काचेवर वाफ धरेल, तेव्हा काय करशील? बॅटरी थंडीनं बसली तं? धुकं असलं तं? मधेच ढग आला तं? मी वहिवाटीप्रमाणे मान हलवत होतो. मनात म्हणत होतो, म्हाताऱ्याला फोटोचं वेड लागलं. काकू एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "रात्री उठून पंख्याच्या खिट्ट्या पाहतेत. मी म्हटलं, पंखा कायले पडते? तं म्हणतेत, पडाले काय लागते."

उडीच्या दिवशी धुकं उशिरा फाटलं. काकूंनी सलवार-कमीज घातली होती, केस घट्ट बांधले होते, आणि त्या शाळेच्या सहलीला निघाल्यासारख्या सगळ्यांना डबा दाखवत होत्या. काका उस्तादाचा कॅमेरा तपासायला म्हणून गेले. कॅमेऱ्यावर एक बोट फिरवलं, आणि मग काकूंच्या खांद्यावरची पट्टी ओढली, कमरेची ओढली, मांडीची ओढली. पुन्हा खांद्याची.

उस्ताद वैतागला. "अंकल, आम्ही हे रोज करतो."

"मीबी रोजच करत होतो," काका म्हणाले, आणि पुन्हा कमरेची ओढली.

विमान उडालं. वर जाता जाता त्याची माशी झाली, मग आवाजच राहिला. आणि इथे मला आठवलं, की नागपूरहून मागून आणलेल्या लेन्सवर डाग पडेल म्हणून चिकटपट्टी मी सकाळीच काढून टाकली होती. पुसता पुसता फोकसचं बटणही परत कॅमेऱ्याच्या अकलेवर सरकलं असावं. कारण डोळा लावला तर आत सगळं निळं, आणि लेन्स गुरगुरत पुढे-मागे, पुढे-मागे.

काका माझ्या शेजारी उभे होते, विमानाकडे पाठ करून. कपाळ खाली, बुटांकडे.

"उडी पडली वाट्टे," कोणीतरी ओरडलं.

"फोकस हाय?" काकांनी विचारलं.

"हाय."

कसला हाय! मला निळ्याशिवाय काही दिसत नव्हतं. बोटं घामाने घसरत होती. बटण सरकवलं, दूरच्या झाडांवर हाताने फोकस लावला, उजेड गवतावर घेतला, पुन्हा वर पाहिलं. काही नाही.

"फोकस हाय का संजू?"

"हाय जी."

"संजू." त्यांचा आवाज मी ओळखला नाही. "फोकस मरू दे. उघडली का ते सांग."

तेवढ्यात सापडल्या. एक काळा ठिपका, त्याला चार पाय, आणि तो इतक्या वेगाने खाली येत होता, की बटण दाबायचंच राहून गेलं. मी फक्त पाहत होतो. किती वेळ, देव जाणे. त्या वेळात मला गल्लीत पडलेली निळी साडी दिसली आणि तेव्हा आपण हसलो होतो हेही आठवलं. मग ठिपक्याच्या वर काहीतरी लालपिवळं लांबडं निघालं, फडफडलं, आणि एकदम फुगलं.

"उघडली काका! उघडली!"

काका गवतावर बसले. बसले म्हणजे गुडघ्यांनी परवानगी न देता बसले. दोन्ही हात जमिनीवर टेकले. मग म्हणाले, "मी खालून कधी पाह्यलंच नव्हतं बा."

"आताबी नाई पाह्यलं तुमी."

"नाई."

काकू धावपट्टीशेजारच्या गवतात उस्तादासकट बसकण मारत उतरल्या, थोड्या घसरत गेल्या, आणि सुटल्या सुटल्या हातवारे करत आमच्याकडे आल्या. "अवो, काईच नाई वाटत वर! गालं फडफड करतेत निस्ते! अन् तलाव असे दिसतेत, जसे कोणी आरसे मांडले! पोटात तेवढी आग पडली, डबा कुठं हाय?" माझ्या फोटोंबद्दल कुणी विचारलं नाही. बरंच झालं. तीन आले होते, दोन आभाळाचे आणि एक माझ्या बुटाचा.

डबा उघडून आम्ही तिथेच बसलो. काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला. काका नुसतेच त्यांच्याकडे पाहत होते.

"कुसुम, पल्टनीच्या क्वार्टरात... मी उडीले गेलो, का तू काय करत होती?"

"काय करीन? तांदूळ निवडत बसो."

"अन् निवडून झाले का?"

"निवडलेले परत निवडो. तुमच्या सायकलची घंटी वाजेपर्यंत."

काका सरकून काकूंच्या मागे बसले आणि त्यांच्या केसांत अडकलेल्या गवताच्या काड्या एकेक करून काढू लागले. मी पाहत होतो. काड्या सगळ्या निघाल्या होत्या, तरी ते काढतच होते.